मोटारसायकलीचा पाठटेकू : एका घरगुती रचनेमागील विज्ञान

घोड्यावरून प्रवास करण्याच्या काळी युरोपात खोगिराच्या मागे एक लहानशी गादी बांधण्याची चाल होती. स्वाराच्या मागे दुसऱ्या माणसास बसता यावे, एवढाच तिचा हेतू. या गादीला इंग्रजीत ‘पिलियन’ म्हणत. कातडे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून गेलिक भाषांच्या वाटेने आलेला हा शब्द पुढे मोटारसायकलीच्या मागील आसनास चिकटला आणि आज तो भारताच्या सर्व प्रांतांत ऐकू येतो. घोड्याच्या जागी इंजिन आले, परंतु मागे बसणाऱ्याची अडचण मात्र जुनीच राहिली. चालविणाऱ्याच्या हातात मूठ असते, वाहन केव्हा वेग घेणार हे त्याला आधी ठाऊक असते. मागे बसणाऱ्याला यांपैकी काहीच लाभत नाही. वाहन एकाएकी पुढे झेपावले की त्याची पाठ मागे जाते आणि तेथे तिला अडविण्यास काही नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी मागील आसनाच्या पाठीशी एक टेकू बसवितात. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात हौशी लोकांनी आपल्या मोटारसायकलींना असे उंच नळीचे टेकू बसविले. ‘ईझी रायडर’ या १९६९ मधील चित्रपटामुळे त्यांचे रूप जगभर परिचित झाले. आपल्याकडे असा टेकू बहुधा शोभेसाठी नसून गरजेपोटी केला जातो. वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात न्यावयाचे असते, लांबच्या गावी जावयाचे असते, किंवा पाठीच्या दुखण्यामुळे कोणास ताठ बसवत नाही. अशा वेळी जवळच्या कारखान्यातून नळीचा तुकडा वाकवून आणि त्यावर गादी शिवून काम भागविले जाते.

दिसावयास ही वस्तू अगदी साधी. परंतु तिच्याविषयी एक गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवली पाहिजे. टेकू नसलेल्या आसनावर बसणारा माणूस सावध असतो. तो किंचित पुढे झुकतो आणि हाताने कशाला तरी घट्ट धरतो. टेकू आला की तो विसावतो, हात सैल सोडतो आणि आपला भार निःशंकपणे मागे टाकतो. असा टेकू ऐन वेळी तुटला तर होणारी हानी टेकू मुळीच नसण्यापेक्षा अधिक असते. म्हणून टेकू करावयाचा तर तो विश्वासास पात्र असाच केला पाहिजे. त्यासाठी कोणते बल कोठे पडते आणि ते कशाने सोसले जाते, हे समजून घेणे अवश्य आहे.

पाठ मागे का जाते?

स्थिर असलेली वस्तू स्थिर राहू पाहते, हा जडत्वाचा नियम न्यूटनने १६८७ मध्ये आपल्या ग्रंथात मांडला. मोटारसायकल पुढे निघाली की आसन आणि माणसाचे कमरेखालील शरीर यांच्यातील घर्षणामुळे शरीराचा तेवढा भाग तिच्याबरोबर पुढे ओढला जातो. कमरेच्या वरचा भाग मात्र होता तेथेच राहू पाहतो. परिणामी धड कमरेभोवती मागच्या बाजूस फिरू लागते. ‘पाठ मागे फेकली गेली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः पाठ मागे गेलेली नसते, आसन तिच्याखालून पुढे गेलेले असते.

याचे मापन करणे कठीण नाही. मागे बसणाऱ्याचे वजन ७२ किलोग्रॅम आहे असे समजू. डोके, हात व धड मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग होतो. तो येथे ४८ किलोग्रॅम येईल. मोटारसायकलीने ४ सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर एवढा वेग गाठला, तर तिचे प्रवेगाचे मान दर सेकंदास २.५ मीटर प्रतिसेकंद एवढे झाले. वस्तुमान आणि प्रवेग यांचा गुणाकार म्हणजे बल. तेव्हा धडाला वाहनाबरोबर पुढे नेण्यास ४८ गुणिले २.५, म्हणजे १२० न्यूटन बल लागेल. एक किलोग्रॅम वजनाची वस्तू हातावर सुमारे ९.८ न्यूटन दाब देते. त्या हिशेबाने हे बल सुमारे १२ किलोग्रॅम भाराएवढे झाले.

रस्ता सपाट नसून घाटाचा असेल तर यात भर पडते. दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर धडाच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ४७ न्यूटन, मागच्या दिशेने ओढू लागतो. दोन्ही मिळून १६७ न्यूटन झाले.

हे बल कोणी तरी पुरविलेच पाहिजे. टेकू नसेल तर ते हातांनी पुरवावे लागते. मागे बसणारा चालविणाऱ्याचे खांदे अगर कंबर धरतो, आणि दर वेळी वेग वाढला की चालविणाऱ्यास मागे ओढतो. तो ओढा चालविणाऱ्याच्या बाहूंतून मुठीपर्यंत पोहोचतो आणि वाहनाची दिशा सांभाळण्याच्या कामात अडथळा येतो. टेकूमुळे मागे बसणाऱ्यास आराम मिळतो एवढेच नव्हे, तर चालविणाऱ्याचे हातही मोकळे राहतात.

टेकूने किती भार सोसावा?

धडाचा गुरुत्वमध्य आसनापासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर असतो. १६७ न्यूटन बल तेथे कार्य करते असे धरले, तर कमरेभोवती त्याचे परिबल, म्हणजे बल आणि अंतर यांचा गुणाकार, सुमारे ५० न्यूटन-मीटर होईल. टेकूच्या गादीचा मध्य आसनापासून २५ सेंटिमीटर उंच असेल, तर हे परिबल तोलण्यास गादीने ५० भागिले ०.२५, म्हणजे २०० न्यूटन बल दिले पाहिजे. यावरून असेही दिसते की, गादी जितकी खाली बसवावी तितके अधिक बल तिला द्यावे लागते. दार ढकलताना बिजागरीजवळ हात ठेवला असता अधिक जोर लागतो, त्यातलाच हा प्रकार.

परंतु वाहन नेहमीच सौम्यपणे चालत नाही. क्लच एकदम सुटतो, गतिरोधकावरून मागचे चाक उसळते. भार हळूहळू न ठेवता एकदम टाकला, तर लवचीक वस्तूत निर्माण होणारा ताण दुप्पट होतो, हे यंत्रशास्त्रातील प्रसिद्ध तत्त्व आहे. तेव्हा २०० चे ४०० न्यूटन झाले. याखेरीज वाहनावर चढता-उतरताना लोक टेकूला धरून ओढतात, आणि वाहन जागच्या जागी सरकवावयाचे झाले तर मागून त्यालाच हात घालतात. हे सर्व जमेस धरून आणखी दीडपट घेतली म्हणजे ६०० न्यूटन, सुमारे ६० किलोग्रॅम भार, हा आकडा मिळतो. पुढील सर्व विचार याच आकड्यावर आधारला आहे.

पोकळ नळीचे सामर्थ्य

टेकूचा सांगाडा म्हणजे उलट्या ‘यू’ अक्षराच्या आकाराची नळी. तिचे दोन पाय आसनाच्या दोन्ही बाजूंना खाली येतात आणि वाहनाच्या सांगाड्यास बोल्टांनी जोडले जातात. बोल्ट आसनाच्या पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटर असतील, तर गादीचा मध्य त्यांच्यापासून ३५ सेंटिमीटर उंच राहील. ६०० न्यूटन भार दोन पायांत विभागला असता प्रत्येकाच्या वाट्यास ३०० न्यूटन येतात. ३०० गुणिले ०.३५, म्हणजे १०५ न्यूटन-मीटर एवढे वाकविणारे परिबल प्रत्येक पायाच्या बुडाशी कार्य करते. नळी सर्वांत अधिक ताणली जाते ती येथे, वरच्या टोकाशी नव्हे.

वाकणाऱ्या नळीची पुढची बाजू ताणली जाते, मागची दाबली जाते आणि मधला भाग जवळजवळ स्वस्थ राहतो. म्हणजे मधले लोखंड काढून घेतले तरी फारसे बिघडत नाही, आणि तेच लोखंड कडेला नेऊन ठेवले तर सामर्थ्य कितीतरी वाढते. बांबूने, गव्हाच्या काडीने आणि पक्ष्यांच्या हाडांनी ही युक्ती निसर्गतःच साधली आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या गोष्टीची चर्चा केली होती. वर्गात हा अनुभव सहज घेता येतो. कागदाचा एक ताव दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला तर तो स्वतःच्याच वजनाने लोंबतो. त्याच तावाची सुरळी करून ती डिंकाने चिकटविली तर तिच्यावर चारदोन पेन्सिली खुशाल टांगता येतात.

आता आकडे पाहू. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २ मिलिमीटर असलेल्या नळीत जेवढे लोखंड असते, तेवढ्याच लोखंडाची भरीव कांब केली तर तिचा व्यास सुमारे साडेतेरा मिलिमीटर भरतो. वजन दोहोंचे सारखेच, दर मीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम. परंतु वाकण्यास विरोध करण्याची नळीची शक्ती कांबेच्या तिपटीहून थोडी अधिक असते.

साध्या पोलादावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन ताण पडला की ते कायमचे वाकू लागते. १९ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी घेतली, तर वरील भाराखाली तिच्या बुडाशी सुमारे २५५ न्यूटन ताण येतो. ती मर्यादा ओलांडते. २५ मिलिमीटर व्यासाच्या, तितक्याच जाडीच्या नळीत हाच ताण सुमारे १३६ न्यूटनांवर राहतो. वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढले, पण सामर्थ्य जवळजवळ दुपटीस पोहोचले. ‘बारीक नळी छान दिसते’ म्हणून ती निवडणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पाया आणि जोड

नळी कितीही भक्कम असली तरी ती ज्याला धरून उभी आहे तो पाया कच्चा असेल तर काय उपयोग? नळीचा पाय एका पोलादी पट्टीला जोडतात आणि ती पट्टी दोन बोल्टांनी वाहनाच्या सांगाड्यावर बसवितात. मागे बसणाऱ्याने धरावयाच्या मुठीचे बोल्ट बहुतेक मोटारसायकलींवर याच ठिकाणी असतात, त्यांचा उपयोग करून घेता येतो.

पायावरील परिबल तोलण्याचे काम हे दोन बोल्ट परस्परविरुद्ध दिशांना जोर लावून करतात. त्यांच्यातील अंतर १५ सेंटिमीटर असेल तर प्रत्येकावर ७०० न्यूटन जोर येतो. हेच अंतर ५ सेंटिमीटर केले तर तो २१०० न्यूटन होतो. ८ मिलिमीटर जाडीचा चांगला बोल्ट एवढ्याने तुटावयाचा नाही. परंतु ज्या पातळ पत्र्यावर तो कसलेला असतो तो पत्रा वाकतो, भोक लांबट होते, बोल्ट सैल पडतो आणि मग दर धक्क्यासरशी ठोके बसू लागतात. म्हणून बोल्टांमध्ये जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवावे. एकाच बोल्टावर टेकू कधीही उभा करू नये.

पट्टीची रुंदी हाही असाच महत्त्वाचा भाग. ४० मिलिमीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड पट्टी उभी बसविली असता तिच्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६६ न्यूटन ताण येतो. २५ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड पट्टीत तो ३३६ वर जातो, म्हणजे पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे. बोल्टाचे भोक पडल्याने पट्टी आणखी दुबळी होते, हेही विसरता कामा नये.

नळी आणि पट्टी यांचा जोड वेल्डिंगने करतात. नळीचे टोक पट्टीवर नुसते उभे करून भोवताली जोड फिरविण्यापेक्षा, नळी पट्टीवर निदान ६ सेंटिमीटर आडवी चढवून दोन्ही बाजूंनी जोड द्यावा. लांब जोडात परिबल वाटले जाते. मात्र वाहनाच्या मूळ सांगाड्यावर वेल्डिंग करू नये. तेथील उष्णतेने नळीचे गुण बदलतात, सांगाडा वाकडा होण्याचा संभव असतो, आणि विजेच्या वेल्डिंगचा प्रवाह वाहनातील विद्युत्-उपकरणांस घातक ठरू शकतो. जोडकाम सगळे वाहनापासून दूर करावे आणि तयार झालेला टेकू बोल्टांनी बसवावा. पाण्याच्या जस्तलेपित नळ्या या कामासाठी घेऊ नयेत. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते आणि ती हुंगणाऱ्यास थंडी वाजून ताप येतो.

गादी आणि पाठीचा कणा

मनुष्याचा कणा सरळ काठीसारखा नसतो. कमरेच्या पाच मणक्यांपाशी तो पुढच्या बाजूस कमानदार असतो. माणूस पाय पुढे घेऊन बराच वेळ टेकल्याविना बसला की ही कमान सपाट होते, स्नायू थकतात आणि मणक्यांमधील गाद्यांवर दाब वाढतो. टेकूचे काम ही कमान जपण्याचे आहे. म्हणून गादीचा खालचा भाग कमरेच्या पोकळीत बसावा आणि वरची कड खांद्याच्या फऱ्यांखाली राहावी. गादी मागच्या बाजूस १० ते १५ अंश कललेली असावी. अगदी उभी गादी माणसास पुढे ढकलते, आणि फार कललेली गादी त्याला निजल्यासारखे करून त्याची नजर रस्त्यावरून काढते.

गादी देण्याचा हेतू मऊपणापेक्षा दाब पसरविणे हा आहे. उघड्या नळीवर पाठ टेकली तर २०० न्यूटन बल जेमतेम ५० चौरस सेंटिमीटर जागेवर पडते. २५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच गादीवर तेच बल ५०० चौरस सेंटिमीटरवर पसरते, आणि दाब एक दशांश होतो. १२ मिलिमीटर जाड प्लायवुडची फळी, तिच्यावर ४ ते ५ सेंटिमीटर घट्ट फोम किंवा रबरमिश्रित काथ्या आणि वर रेक्झिनचे आवरण, अशी तिची रचना असते. फार मऊ फोम निरुपयोगी होय. तो पुरता दबून जातो आणि पाठीला फळीच लागते. पावसाचे पाणी शिवणीतून आत शिरतेच. ते निघून जाण्यास फळीच्या खालच्या कडेस दोन-तीन लहान भोके ठेवावीत.

कंपने आणि शिणवटा

एखादी तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण पुढे-मागे अनेकदा वाकविली की तुटते. लहानशा ताणाच्या अगणित आवर्तनांनी धातू दुबळा होत जातो, याला शिणवटा म्हणतात. फ्रान्समध्ये १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून अनेक माणसे दगावली, तेव्हापासून या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून त्याचे नियम शोधले.

मोटारसायकलीत हा प्रश्न फार जवळचा आहे. मिनिटाला ३,००० फेरे घेणारे एका सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ५० वेळा सांगाड्यास हादरा देते. तासाला १ लाख ८० हजार हादरे झाले. प्रवासाचे साठ तास पुरे होण्यापूर्वीच एक कोटी हादरे टेकूस बसलेले असतात. शिणवट्याची भेग बहुधा वेल्डिंगच्या कडेला, तेही नळीच्या पुढच्या म्हणजे ताणल्या जाणाऱ्या बाजूस सुरू होते. ही जागा नेमकी आसनाच्या आड दडलेली असते. तपासणी करताना प्रथम तेथेच पाहिले पाहिजे.

हादऱ्यांची आणखी एक खोड आहे. प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी कंपनसंख्या असते. इंजिनाची कंपने तिच्याशी जुळली की वस्तू जोराने थरथरू लागते. याला अनुस्पंदन म्हणतात. ठराविक वेगाला आरशातील प्रतिमा एकाएकी पुसट होते आणि वेग बदलताच पुन्हा स्वच्छ होते, हा अनुभव पुष्कळांना असेल. टेकू उंच, बारीक आणि शेंड्याला जड असेल तर त्याची कंपनसंख्या उतरते आणि ती इंजिनाच्या नेहमीच्या वेगाशी जुळण्याचा संभव वाढतो. टेकू बुटका ठेवणे, वरचा भाग हलका करणे आणि दोन्ही पाय आडव्या नळीने एकमेकांस बांधणे, हे यावरचे उपाय होत.

वजन कोठे पडते?

टेकूची जागा ठरविताना एक मोह टाळला पाहिजे. ऐसपैस जागा मिळावी म्हणून टेकू मागे सरकविला जातो आणि त्याबरोबर बसणाराही मागे सरकतो. दोन चाकांच्या आसांतील अंतर १४० सेंटिमीटर आणि मागे बसणाऱ्याचे वजन ७० किलोग्रॅम आहे असे समजू. तो मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर पुढे बसला, तर त्याच्या वजनापैकी १० किलोग्रॅम पुढच्या चाकावर आणि ६० किलोग्रॅम मागच्या चाकावर पडतात. तो नेमका आसावर बसला तर सगळे ७० किलोग्रॅम मागेच पडतात. आणि तो आसाच्या १० सेंटिमीटर मागे गेला तर मागच्या चाकावर ७५ किलोग्रॅम येऊन पुढचे चाक ५ किलोग्रॅमने उलट हलके होते. दिशा देण्याचे काम पुढच्या चाकाचे. ते हलके झाले की वाहन डगमगू लागते. चढावर तर हा दोष अधिकच जाणवतो. म्हणून मूळ आसनावर माणूस जेथे बसत असे, तेथेच त्याची पाठ टेकावी, अशा बेताने टेकू बसवावा. टेकूच्या मागे सामानाची जड पेटी लटकाविणे याच कारणासाठी अयोग्य होय.

बांधणीचा क्रम

प्रथम जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून तो वाहनावर धरून पाहावा. मागचा दिवा, दिशादर्शक दिवे आणि क्रमांकाची पाटी झाकली जात नाही, चाक वरखाली होताना नळीला लागत नाही आणि आसन उघडता येते, याची खात्री करून घ्यावी. मग नळी वाकवावी. पोकळ नळी तशीच वाकविली तर वळणावर चेपते. चेपू नये म्हणून तिच्यात बारीक वाळू ठासून भरतात आणि दोन्ही तोंडे लाकडी गुडद्यांनी बंद करतात. नळी तापवून वाकवावयाची असेल तर वाळू आधी भाजून कोरडी केलेली असावी. ओल राहिल्यास तिची वाफ होऊन गुडदी गोळीसारखी सुटते.

यानंतर पट्ट्यांना भोके पाडून त्या वाहनावर बसवाव्यात, नळी त्यांवर जुळवून जोडाच्या जागा खुणेने आखून घ्याव्यात आणि सर्व काही उतरवून वेल्डिंग करावे. धारदार कडा कानशीने मोडाव्यात. बुडाशी पाणी निघण्यास बारीक भोक ठेवावे, गंजरोधक रंग द्यावा आणि मगच वरचा रंग चढवावा. पट्टीच्या जाडीमुळे मूळ बोल्ट आखूड पडतात. तेव्हा तितक्याच जाडीचे, पण लांब बोल्ट घ्यावेत आणि आपोआप सैल न पडणारे नट वापरावेत.

भाराची परीक्षा

कागदावरचा हिशेब आणि लोखंडातील जोड यांच्यात अंतर असू शकते. म्हणून माणूस बसविण्यापूर्वी टेकूची परीक्षा घेतलीच पाहिजे. ती वाहनावर घेऊ नये. टेकूच्या पट्ट्या एखाद्या भक्कम खांबाला अगर टेबलाला मूळ बोल्टांनीच अशा कसाव्यात की, नळीचे पाय जमिनीला समांतर राहतील आणि टेकूची पाठ खाली येईल. गादीच्या मध्याच्या जागी २० लिटर पाण्याचे तीन डबे एकामागून एक टांगावेत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, म्हणजे एकूण भार ६० किलोग्रॅम झाला. डबे जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच नसावेत आणि खाली कोणी पाय ठेवू नये.

भार टांगण्यापूर्वी, टांगल्यावर आणि काढल्यावर शेंड्याची उंची मोजावी. नळीपुरता हिशेब केला तर ती गादीच्या मध्याशी सुमारे २ मिलिमीटर लवते. पट्ट्या आणि बोल्ट यांमुळे हा आकडा थोडा वाढेल. डबे काढल्यावर शेंडा पूर्वीच्या जागी परत आला तर टेकू उतरला. तो किंचितही खाली राहिला, तर कोठे तरी पोलाद कायमचे वाकले आहे असे समजून ती जागा शोधावी आणि तेथे अधिक जाड पट्टी अथवा त्रिकोणी आधार द्यावा. वापर सुरू झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुढे नियमाने बोल्ट तपासावेत. नट आणि पट्टी यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली, तर नट फिरल्याचे नुसत्या दृष्टीने कळते.

मर्यादा आणि कायदा

टेकू फक्त मागे जाणाऱ्या पाठीस अडवितो. ब्रेक लावला असता शरीर पुढे जाते, वळणावर ते बाजूस कलते, या दोन्ही वेळी त्याचा उपयोग नाही. म्हणून हाताने धरावयाची मूठ काढून टाकून तिच्या जागी टेकू बसविणे चुकीचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १२३ व्या नियमाने कायमची मूठ, पाय ठेवण्याची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत यासाठी चाकाचे निदान अर्धे आच्छादन, या तीन गोष्टी आवश्यक ठरविल्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या १२८ व्या कलमाने चालविणाऱ्याखेरीज एकाच व्यक्तीस, तेही नीट पक्क्या केलेल्या आसनावर, नेण्यास परवानगी दिली आहे. त्याच अधिनियमाचे ५२ वे कलम वाहनाच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. टेकू बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे म्हणूनच शहाणपणाचे.

आपल्या देशात अनेक स्त्रिया एका बाजूस पाय सोडून बसतात. त्यांच्या पाठीस हा टेकू लागत नाही. उलट त्याची कड दंडाला किंवा बरगडीला रुतते. घरातील कोणी असे बसत असेल, तर नळीच्या बाजूंनाही गादी द्यावी, किंवा टेकू सहज काढता येईल असा करावा. लहान मुलास टेकूच्या भरवशावर मागे एकटे बसविणे तर सर्वथैव टाळावे. झोप लागलेले मूल टेकूवरून बाजूला घसरते.

दीड मीटरहून कमी लांबीच्या नळीचा हा एक तुकडा. परंतु त्यात जडत्वाचा नियम आहे, तरफेचे तत्त्व आहे, बांबूच्या पोकळपणाचे रहस्य आहे आणि आगगाडीच्या मोडलेल्या आसापासून मिळालेला धडाही आहे. कारखान्यातील कुशल कारागीर यांपैकी बरेच काही अनुभवाने जाणत असतो. आकडेमोड त्याच्या अनुभवाची जागा घेत नाही. कोणती नळी पुरेल आणि कोणती पुरणार नाही, हे माणूस पाठ टेकण्याच्या आधी सांगते, एवढेच तिचे काम. पाण्याचे तीन डबे टांगण्यास अर्धा तास लागतो. ज्याला मागचे काही दिसत नाही, आणि तरीही जो निर्धास्तपणे मागे रेलतो, त्याच्यासाठी तो अर्धा तास खर्च झालाच पाहिजे.